वरून दिसलेला राब

पेठ तालुक्याच्या नकाशाचा तो तुकडा पल्लवीकडे योगायोगानेच आला. नाशिकच्या एका कचेरीत उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करायचे, शेत, जंगल, पडीक असे रंग भरायचे, हे तिचे काम. आधी ओढा ओळखीचा वाटला, मग आंबा, मग घर. तिचेच घर. खालच्या खाचरात काळे चौकोन होते आणि कडेला एक पांढरा ठिपका, सावलीसकट.

तिचा हात माऊसवरच राहिला. बाबा तिथेच उभे राहायचे. पांढऱ्या सदऱ्यात, राब भाजताना.

फोटो मे महिन्यातला होता. बाबा फेब्रुवारीत गेले होते.

"रविराज, हा माणूस आहे का?"

शेजारच्या टेबलावरचा रविराज वाकला. "इथे एक ठिपका म्हणजे फूटभर जमीन. माणूस, शेळी, चुना फासलेला दगड, काहीही असेल. सावली आहे म्हणजे जमिनीपासून उंच आहे, एवढंच. आणि काळं ते जळालेलं गवत. पडीक टाका."

गवत नव्हते ते. पालापाचोळा, शेण पसरून जाळायचे आणि त्या राखेत भाताची रोपे टाकायची, तो राब. ज्याला शेत करायचे नाही तो राब भाजत नाही. आणि आईने तर कबूल केले होते, यंदा जमीन राहू दे, पावसाआधी नाशिक रोडला तुझ्याकडे येते. पल्लवीने तिच्यासाठी खाटसुद्धा आणून ठेवली होती.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"आये, राब भाजलास तू?"

"कोणी सांगितलं?"

"वरून दिसलं."

भागीबाई म्हणाली, "वरून? तुझ्या बानं चुगली केली का काय?"

पल्लवी पायरीवर बसली. "फोटो काढतात गं आकाशातून. पांढरं कोण उभं आहे तिथं?"

"मीच. राख लय उडते. लुगड्यावरून तुझ्या बाचा सदरा घातला."

"नाशिकला येते म्हणाली होतीस."

"तू रडत होतीस, म्हणून म्हणाले. मला नाय जमायचं पोरी तिथं."

जिन्यातून कोणीतरी वर गेले. पल्लवीने पाय आत घेतले.

"मग रविवारी मीच येते."

"ये. पांढरा दोरा आण येताना. बाही उसवलीय सदऱ्याची."

जागेवर येऊन तिने तुकड्यात शेतीचा हिरवा रंग भरला.

"शेती? कशावरून?" रविराजने विचारले.

"तिथे विचारलं," ती म्हणाली.