पक्की जागा

माझी थोरली नात आलासी जन्मली, त्या वर्षी तो माणूस आमच्या गावात पहिल्यांदा आला. कुठल्या मतदारसंघात कोण निवडून येईल, याचे अंदाज तो खाली दक्षिणेत, कॅनडाच्या मोठ्या शहरांत छापायचा. आमचा मतदारसंघ म्हणजे सारा नुनावुत, कॅनडाचं बर्फाळ उत्तर टोक. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, जायचं तर विमानानं.

"मत कोणाला?" त्यानं माझ्या पाउलूसीदादाला विचारलं. दादा घरोघरी पाणी पोचवायचा. टँकरची नळी धरून उभा होता.

"कोणास ठाऊक. तो दिवस अजून उजाडायचाय."

"नुसता अंदाज सांगा."

"उद्या कॅरिबू मारणार म्हटलं, की ते हरीण ऐकतं आणि वाट बदलतं. आम्ही सांगत नाही."

गावानंही हेच सांगितलं. 'लढत अटीतटीची' असं छापून आलं आणि दोन्ही उमेदवार विमानानं येऊन थडकले. कॅरिबूचा रस्सा ओरपून त्यांनी गावात डायलिसिसचं मशीन आणायचा शब्द दिला. दादाची बायको कौनाक तेव्हाच मूत्रपिंडानं बेजार होती. दोघांतला एक निवडून आला. मशीन आलं नाही. शेवटी कौनाकला दक्षिणेतल्या परक्या शहरात जाऊन राहावं लागलं.

चार वर्षांनी तोच माणूस पुन्हा येणार असं कळलं, तेव्हा दादा माझ्याकडे चहाला आला होता.

"चूक आपलीच झाली, मीका. कोणास ठाऊक म्हणणाऱ्याला कोण मशीन देईल? आपण पक्का शब्द द्यायला हवा होता."

"आई असती तर तुझ्या तोंडावर हात ठेवला असता."

"आई नाही. कौनाक आहे अजून."

मग पाणी भरता भरता तो दारोदार सांगत सुटला, की तो माणूस विचारेल तेव्हा गेल्या वेळी निवडून आलेल्याचंच नाव ठासून घ्या.

"आणि नाही घेतलं तर?" म्हाताऱ्या इक्कीनं विचारलं.

"तर उद्यापासून बर्फ वितळवून पी."

इक्की हसली, पण त्या माणसासमोर तिनंही नाव घेतलं.

अंदाज छापून आला. मी साठीत वाचायला शिकलेली. बोट ठेवून दादाला वाचून दाखवलं, 'जागा पक्की.' दादानं मांडीवर थाप मारली आणि तिथूनच कौनाकला फोन लावला.

"मतदान झालं की मशीन येणार! मे महिन्यात तू घरी असशील."



"असं बोलू नकोस रे," ती पलीकडून म्हणाली. "ऐकू जातं."

त्यानंतर प्रत्येक विमानाला दादा धावपट्टीशी टँकर लावून उभा राहायचा. उमेदवार एकही उतरला नाही. शेवटी दुकानातली सीला म्हणाली, "काका, पक्क्या जागी कशाला येतील ते? अटीतटी असते तिथं जातात."

दादानं नळी गुंडाळली. सावकाश, एकेक वेढा नीट बसवत.

"म्हणजे गेल्या वेळी आपण बरोबर बोललो होतो," तो मला म्हणाला.



मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर कुणीतरी त्याला विचारलं, कोण येईल?

"कोणास ठाऊक," दादा म्हणाला आणि टँकरकडे गेला.

कौनाक मतदानाच्या अकरा दिवस आधी, सतरा एप्रिलला, गुरुवारी दुपारी, त्या शहरात वारली. मे महिन्यात तिला विमानानं घरी आणलं.