गौरीचे हात

वैशाखरे गावच्या बाईजाची मांजर, मनी, गौरीपूजनाच्या दिवशी मेली. पहाटेपासून ओकत होती, शेवटी चुलीपाशी पाय ताणले. घरात सून होती, पण बाईजाचा जीव मनीतच.

मारेकरी शोधायला तिला कुठं जावं लागलं नाय. शेजारच्या सोमीचे बोंबील मनीनं दोनदा पळवले होते, आणि सोमी चारचौघींत म्हणाली होती, हिला एक दिवस औषध घालते. घातलंच मेलीनं! सणासुदीलासुद्धा धीर निघाला नाय. बाईजानं मनीला आंब्याखाली पुरलं, हात धुतले आणि डूख धरला.

दुपारी सगळ्या बायका देवळापाशी गौरीच्या नाचाला गेल्या. सोमी सगळ्यांच्या पुढं, मिरवायची हौसच दांडगी. बाईजानं मात्र आपली म्हैस सोडली आणि सोमीच्या खाचरात हाकलली. भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. म्हैस खात होती, तुडवत होती, आणि बांधावर बसलेल्या बाईजाला कसं गार गार वाटत होतं. सोमीचं वर्षाचं खाणं त्या एका खाचरात होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तर!

दुसऱ्या दिवशी गौर बोळवायची. बाईजाची सून माधुरी गौर म्हणून पुजलेली रानफुलांची जुडी उचलायला वाकली आणि थबकली. कळलावीच्या फुलांना इकडं गौरीचे हात म्हणतात, त्यांच्याशिवाय गौर पुरी होत नाय. बाईजानं स्वतः रानातून ती वेल आणून जमिनीवर पाटावर मांडली होती. आता तिच्या पानांची वेटोळी टोकं कुरतडलेली होती. पाटामागं ओकारी वाळली होती, तिच्यात लाल-पिवळ्या पाकळ्या. माधुरीनं फोटो काढून गुरांच्या डॉक्टरला पाठवला. त्यानं फोनवर सांगितलं, कळलावी मुळापासून फुलापर्यंत विषारी, मांजराला घासभरसुद्धा पुरते.

बाईजा पाटापाशी बसली, कुरतडलेलं एक पान उचललं. मनीला तिनं स्वतःच्या हातानं मारलं होतं.

तेवढ्यात सोमी दारात आली. रडून डोळे सुजले होते. आपलं भात कुणाच्या म्हशीनं खाल्लं, एवढंच ती विचारत होती. माधुरीनं सासूकडं पाहिलं. खरं सांगितलं तर बाईजाला खाचराचं नुकसान भरून द्यावं लागणार होतं, आणि मनीचं मरण आपल्या माथी घ्यावं लागणार होतं. खाचराचं एक वेळ जमलं असतं.

बाईजा उठली. पदर कमरेला खोचला.

"माझी मनी मारलीस ना," ती म्हणाली, "आता भोग."