मडक्याला मांडी मिळाली

मित्रांनो, चहाच्या टपरीसमोर निलगिरीखाली चार विटांवर ठेवलेली एक जुनी सीट आहे ना, तीच मी. आज माझ्यावर बसून लोक गाडीची वाट बघतात. एके काळी मी स्वतः अशाच एका गाडीत होते आणि रोज डोंगर उतरत होते.

आमची गाडी आली जपानहून, दर्या ओलांडून. मी मात्र इथलीच, युगांडाची. कंपालातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्ट्या, एक स्प्रिंग आणि तपकिरी रेक्झिन एवढ्यावर माझा जन्म झाला. गाडीतली ये-जा करायची वाट मोकळी राहते हे मालकाला बघवेना, म्हणून त्याने मला तिथे ठोकून बसवलं. मागच्या माणसाला उतरायचं झालं की माझ्यावरच्याने उठायचं, मला दुमडायचं आणि वाट द्यायची. त्यामुळे शहाणा माणूस माझ्या वाटेला जात नसे. बाकीच्या जागा भरल्या, की मग लोकांना माझी आठवण यायची. तरी कंडक्टर ताबारो मला थोपटून म्हणायचा, ह्या सीटवरच आपलं पोट आहे. ते ऐकून मी फुगायचे, खोटं कशाला बोलू?

डोंगरावरच्या लोकांना किसोरोच्या बाजाराला आणि दवाखान्याला नेणं हे आमचं काम. नाव टॅक्सीचं, पण धंदा तुमच्याकडच्या वडापचाच. गाडीच्या रीती मात्र पक्क्या होत्या. चढणाऱ्याने दारातूनच सगळ्यांना 'काय खबर?' विचारायचं आणि आतल्यांनी एका सुरात 'बरी खबर' म्हणायचं, मग घरी चूल पेटलेली असो वा नसो. आणि फुटणाऱ्या वस्तूला व लहान मुलाला सीट नाही, मांडी द्यायची. आई चढण्याआधी मूल आत देई, आणि जी मांडी रिकामी असेल तिच्यावर ते जाऊन बसे. कुणाचं आहे म्हणून कुणी विचारत नसे. परक्या मांडीवर लाळ गाळत किसोरोपर्यंत झोपलेली कितीतरी पोरं मी पाहिली आहेत. मला या रीतीचा फार अभिमान वाटे.

बाजाराच्या दिवशी आमच्या गाडीत न्यिरामाना चढायची. ती ट्वा होती, म्हणजे पिढ्यानपिढ्या जंगलात राहिलेल्या जमातीची. जंगल राखीव झालं तेव्हा ट्वा लोकांना तिथून बाहेर काढलं. आता ते डोंगराच्या कडेला, दुसऱ्यांच्या शेताच्या बांधावर राहतात आणि मडकी घडवतात. न्यिरामाना दारातून 'काय खबर?' म्हणायची आणि सगळी गाडी खिडकीबाहेर बघायची. ताबारो एरवी तोंडाचा गोड. प्रत्येकीला आई नाहीतर मावशी म्हणायचा. हिला मात्र 'ए मडकीवाली.' तिची जागा ठरलेली, म्हणजे मी. ती बसली की शेजारचा माणूस असा अंग चोरून बसे, की एरवी जिथे मुंगीला वाव नसे तिथे वीतभर जागा निघायची. ती उतरली की नंतर बसणारा आधी केळीच्या पानाने मला पुसायचा. काय पुसत होता देव जाणे. चिखल तर सगळ्यांच्याच पायाला होता.

मडक्यांचा मात्र कुणाला विटाळ नव्हता. न्यिरामानाच्या मडक्यात शिजलेल्या राजम्याला चव असते, असं बायका तिच्यादेखतच एकमेकींना सांगायच्या. तिची मडकी मांडीवर घ्यायला चार हात पुढे यायचे. तिच्या हातचं पाणी मात्र कुणी पीत नसे.

त्या दिवशी ती थांब्यावर उभी होती, तेव्हा तिच्याजवळ एकच मोठं मडकं होतं. आमच्याच गाडीतल्या तुशाबेबाईंनी ते मुलीच्या लग्नातल्या ज्वारीच्या बियरसाठी सांगून करून घेतलं होतं. तिच्या पाठीला उवेरा बांधलेली होती, तिची तान्ही लेक. उवेराची मान एका बाजूला पडली होती. गाडीत एकच जागा उरली होती, माझी.

न्यिरामानाने आधी मडकं आत दिलं. लगेच हात पुढे आले. "सांभाळून, तडा जाईल," कुणीतरी म्हणालं. हातोहात मडकं तुशाबेबाईंच्या मांडीवर पोचलं. त्यांनी त्याच्याखाली शाल दुमडून ठेवली. मग न्यिरामानाने पाठीचं फडकं सोडलं आणि सगळ्या आया करतात तसं उवेराला दारातून पुढे केलं.

एकही हात पुढे आला नाही.

"माझे कपडे आत्ताच धुतलेत," एक बाई पुटपुटली. माझ्या शेजारी बटाट्याचा व्यापारी बसला होता. त्याने तेवढ्यात आपली पिशवी उचलून माझ्यावर ठेवली.

"इथं माणूस यायचाय," तो ताबारोला म्हणाला. "पुढच्या वळणावर माझा भाऊ चढणार आहे."

"मीच घेते तिला कडेवर," न्यिरामाना म्हणाली. "कोपऱ्यात उभी राहीन, दादा. पोरगी तापानं फणफणलीय. दवाखाना दुपारी बंद होतो."

ताबारोने व्यापाऱ्याकडे पाहिलं. तो रोजचं गिऱ्हाईक होता. "ए मडकीवाली, मागच्या गाडीनं ये," ताबारो म्हणाला.

"मागची गाडी कुठंय रे आता?"

तुशाबेबाई म्हणाल्या, "मडकं राहू दे हं आत. लग्नाचं आहे." आणि दार लागलं.

मित्रांनो, त्या पिशवीत मक्याची चार कणसं होती. मी स्प्रिंग ताठ करून ती पाडायचा प्रयत्न केला, पण वर्षानुवर्षं माणसं झेलून माझी स्प्रिंग मेली होती. न्यिरामाना थोडा वेळ गाडीबरोबर धावली. ती ओरडली नाही, काचेवर थापही मारली नाही. मग धुळीत दिसेनाशी झाली. पुढच्या वळणावर भाऊबिऊ कुणी नव्हता. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

शेवटच्या ओळीत पोत्यांच्या आड केन्यांगी आजी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मान उंचावून विचारलं, "पोरगी कुणाकडं आहे? मला वाटलं पुढं कुणीतरी घेतली." सगळे खिडकीबाहेर बघू लागले. आजींना कळायचं ते कळलं. त्यांनी काठी छतावर आपटली. "गाडी थांबव. माझी मांडी रिकामी होती. मला विचारलं का कुणी?"

ड्रायव्हर म्हणाला, उतारावर ब्रेक लागणार नाहीत. डोंगर संपल्यावर त्याने गाडी थांबवली. आजी उतरल्या आणि काठी टेकत आल्या वाटेने परत वर चढू लागल्या. गाडीत जागा झाली आणि मंडळी ऐसपैस बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सीटला शरम वाटली म्हणून कुणी गाडी मागे वळवत नाही.

पुढचं आजींनीच नंतर गाडीत सांगितलं. त्या अर्धी चढण चढल्या, तेव्हा न्यिरामाना त्यांना वरून पायी येताना भेटली. दोघींनी पोरीला आळीपाळीने उचललं. संध्याकाळी बटाट्याच्या एका ट्रकने त्यांना खाली नेलं, आणि दवाखाना बंद म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंचं घर गाठलं. उवेरा जगली. पण ताप कानांत उतरला होता. दुपारच्या आत आणली असती तर ऐकू आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजी हे सांगत होत्या तेव्हा तुशाबेबाई बाहेर बघत होत्या आणि व्यापारी आपल्या पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा बांधत होता.

त्यानंतर न्यिरामाना दिसली की ताबारो म्हणायचा, "या मावशी." लोक सरकूनही बसायचे. ती बसायची. मात्र तिने पुन्हा कधी 'काय खबर?' विचारलं नाही.

गाडी भंगारात गेली आणि मी या झाडाखाली आले. माझं रेक्झिन फाटलंय, पोटातला फोम कोंबड्या टोचून नेतात. उवेरा आता शाळेच्या वयाची आहे. आई मडकी मांडते तोवर ती माझ्यावर बसून पाय हलवत असते. थांब्यावर येणारे तिला आवर्जून विचारतात, "काय खबर, उवेरा?" ती बघतच नाही. जुनी माणसं खाली मान घालून पुढे जातात. परवा एक नवा पाहुणा चिडून म्हणाला, "ह्या ट्वांच्या पोरांना साधी रीतभातही नाही." न्यिरामानाने ऐकलं आणि ती मडक्यावरची धूळ पुसत राहिली. केन्यांगी आजी तेवढ्या येऊन पोरीचा हात हातात घेतात आणि तिला मांडीवर ओढतात. पोरगी आता त्या मांडीवर मावत नाही, तरी बसते.

मित्रांनो, माझं रेक्झिन शिवलंत तर बरं होईल, नाही शिवलंत तरी माझं काही म्हणणं नाही. माझं मागणं वेगळंच आहे. गाडीच्या दारात कुणी 'काय खबर?' म्हणालं, तर तोंडातला घास बाजूला सारून तेव्हाच उत्तर द्या. माझ्या गाडीतल्या माणसांकडे आज 'बरी खबर' तयार आहे. पण विचारणारी आता विचारत नाही, आणि तिच्या लेकीला ते ऐकू येत नाही.