बुआ का तापमान इकतीस

१९८७च्या मे महिन्यात हिंदी मुलखाच्या सीमेवरल्या सौंसरच्या देवकाबाईंना तार आली : 'बुआ का तापमान इकतीस. पानी दो. अरविंद.'

बुआ म्हणजे आत्या, आणि अरविंद त्यांचा भाचा. गोव्यात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका कचेरीत होता. समुद्राचा अभ्यास म्हणजे नेमकं काय करतात, हे सौंसरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण नोकरी पक्की आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

देवकाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत ठणठणीत बसल्या होत्या. पण तार ती तार. शेजारच्या रघुनाथराव कंपाउंडरांनी ती दोनदा वाचली आणि निकाल दिला, "एकतीस डिग्री म्हणजे हा पेशंट नाही, मयत आहे." मग 'पानी दो'चा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. समोरच्या चंद्रकलाबाई गंगाजलाची लोटी घेऊन धावतच आल्या.

"अवो, मी जित्ती आहो!"

"हाव वो, पण तार सरकारी आहे."

देवकाबाईंचा जीव मात्र बागेत अडकला होता. संत्र्याची दोनशे झाडं मृगबहारासाठी ताणावर होती. महिनाभर पाणी तोडायचं. मग मृगाचा पाऊस पडला की तहानलेलं झाड फुलून येतं. पाऊस हुकला तर झाडच जातं. विहिरीत उरलेलं पाणी आत्ता दिलं तर झाडं जगणार, पण वर्षाची संत्री बुडणार. थांबावं, तर तोवर विहीर आटणार.

दुसऱ्या दिवशी पोस्टात अरविंदचा ट्रंककॉल आला.

"आत्याबाई, बुआ नाही, बोया! मी बोया लिहिलं होतं!" वाटेतल्या कोण्या तारबाबूनं त्याचं शुद्धलेखन सुधारलं होतं.

"बोया म्हंजे काय रे?"

"पोकळ डबा. पूर्वेकडं, कलकत्त्याच्याही कितीतरी पलीकडं, भर समुद्रात नांगरून ठेवलेला. जवळपास माणूस नाही, जमीन नाही. पाण्याचा ताप घेते अन् आभाळातल्या उपग्रहाले सांगते. एकतीस निघाला. नेहमीपेक्षा दोन डिग्री जास्त."

"दोनच? आमच्या टाक्यातलं पाणी याहून तपते."

"टाकं केवढं, आत्याबाई! हे पाणी सौंसरहून कलकत्त्याले जाऊन परत या, तरी सरत नाही. अन् आपल्या विहिरीहून खोल."

"मंग पाऊस?"

"असा समुद्र तपला का आपला पाऊस मागं पडते, असं साहेब म्हणून राहिले. खात्री कोणालेच नाही. पण मी असतो तर झाडाईले पाणी देल्लं असतं."

चाळीस वर्षं देवकाबाईंनी घरादाराचं आंघोळीचं पाणी तापवलं होतं. एक गुंडभर पाणी नुसतं कोमट व्हायला कापसाच्या किती वाळल्या पऱ्हाट्या जाळाव्या लागतात, ते त्यांच्या हाताला पाठ होतं.

"अरविंद," त्यांनी हळूच विचारलं, "थेवढं पाणी तपवाले जाळ केवढा लागला असन रे?"

शेजारी मनिऑर्डरचा फॉर्म भरणाऱ्या माणसाचं पेन थांबलं.

"तीन मिनट हो गये," ऑपरेटर म्हणाली. तीही जरा हळूच.

पोस्टाच्या पायरीवर त्यांच्या शेतावरचा सालदार गुणवंता बसला होता.

"पंप चालू कर, गुणवंता. ताण तोड."

"बाई, बहार जाईन! लोक हासतीन!"

"हासू दे. तिकडं अख्खा समुद्र तपून राहिला, अन् तू लोकाईच्या दाताचं घेऊन बसला."

गुणवंतानं पंप चालू केला. लोक हसले. मग मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या, आणि हसणं आपोआप कमी झालं. देवकाबाईंच्या बागेत त्या बहाराचं एकही संत्रं धरलं नाही. झाडं मात्र दोनशेच्या दोनशे हिरवीगार उभी होती.

शेजारच्या बोरगावच्या बागा वाळल्या होत्या; तिथली माणसं ही बाग पाहायला येत. काय औषध घातलं, म्हणून विचारत. देवकाबाई पूर्वेकडे हात करत. तिकडे कापसाचं वावर आणि त्यामागची टेकडी, एवढंच दिसे.

"त्याच्याही पलीकडं," त्या म्हणत, आणि त्यांचा आवाज नकळत खाली येई, "बहुत पाणी आहे, बाप्पा."