औषध नाही, एवढंच मी सांगितलं

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. माझी एक बाजू चिरली आहे, तिथे सुतळी बांधलेली आहे. क्लोरीनच्या फवाऱ्यानं माझा रंग उडाला. पोटात आता बॅटऱ्या नाहीत. कान मात्र शाबूत आहेत आणि माझं सगळं दुखणं त्या कानांचंच आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. रांगेनं बसलेल्या बायका आमच्या पोटात तारा जोडत होत्या, एवढंच आठवतं. मग खोकं, जहाज, ट्रक, आणि शेवटी आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या एका आठवडी बाजारात टॉर्च आणि कुलपांच्या शेजारी ताडपत्रीवर मी येऊन पडलो. तिथून फाल्ला शिंप्यानं मला उचललं. तेव्हा तो बायकोबरोबर निर्वासितांच्या छावणीत राहत होता, कारण नदीपलीकडे सिएरा लिओनमधल्या त्याच्या गावात लढाई पेटली होती.

एक दिवस मी सांगितलं, लढाई संपली. छावणीत कुणाचा विश्वास बसेना. हा डाव आहे, परत गेलात तर कापून काढतील, असं म्हातारेकोतारे म्हणू लागले. फाल्लानं मात्र शिलाई यंत्र पाठीला बांधलं, फिंडाला, म्हणजे बायकोला, पुढे घातलं आणि तो चालू पडला. लढाई खरंच संपली होती. बाकीचे आणखी वर्षभर छावणीचं धान्य खात बसले. तेव्हापासून फाल्लाच्या घरात माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला. त्याची पहिली मुलगी छावणीतच गेली होती. दुसरी, कुंबा, गावात जन्मली आणि माझ्या आवाजावरच झोपायला शिकली.

ती माझी सुखाची वर्षं होती. मी ओसरीवर यंत्राच्या डोक्यावरच्या खिळ्याला लटकायचो. फुटबॉलचा सामना असला की सगळं गाव ओसरीवर. कोकोचा भाव, कुठल्या गावात कोण वारलं, पाऊस कधी उघडेल, सगळं माझ्या तोंडून. शेजारच्या बोंडूआत्याला मात्र माझं कौतुक नव्हतं. "फाल्ला, तुझ्या त्या डब्याला विचार रे, माझी कोंबडी कुणी पळवली," असं ती म्हणायची आणि सगळे हसायचे. फाल्ला नाही हसायचा. माझी चेष्टा त्याला खपत नसे.

मग एका वर्षी पावसाच्या तोंडाला सीमेपलीकडून रोग आला. इबोला. ते नाव गावात पहिल्यांदा मीच आणलं.

मला जे सांगायला दिलं जाई ते मी दिवसातून सहा वेळा सांगायचो. आधी ढोल वाजायचा. हात मिळवू नका. मेलेल्याला धुऊ नका. ओकारी, घाम, रक्त यांतून रोग पसरतो. आणि शेवटी, सावकाश, जड आवाजात: या रोगावर औषध नाही. खोटं कशाला बोलू, ते शेवटचं वाक्य म्हणायला मला आवडायचं. ते आलं की ओसरीवरची कुजबुज थांबायची आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे.

ज्यानं ते वाक्य लिहिलं तो वाईट माणूस नसावा. लोक घाबरले तर जपतील, असं त्याला वाटलं असणार. पण घाबरलेला माणूस जपत नाही, मित्रांनो. तो लपतो. आणि आजारी माणसालाही लपवतो.

महिन्याभरात ओसरी ओस पडली. दुसऱ्याच्या अंगाला लागलेलं कापड नको म्हणून शिवून घ्यायलाही कुणी येईना. बोंडूआत्या कुंपणापलीकडून ओरडायची, "अरे, बंद कर तो डबा! रोगानं मरायच्या आधी त्याच्या आवाजानंच मरेन मी."

"आत्या, माहिती नको का आपल्याला?"

"कसली माहिती? मरणार, एवढंच म्हणतो ना तो? ते मला लहानपणापासून ठाऊक आहे."

त्याच दिवसांत पलीकडच्या गावात फिंडाची आई वारली. मेलेल्याला धुऊ नका, हे फिंडानं शंभरदा ऐकलं होतं. तिनं डोक्याला फडकं बांधलं आणि म्हणाली, "मग माझ्या आईला कोण धुणार, सरकार?" ती गेली. बहिणींबरोबर तिनं आईला धुतलं, तेल लावलं, नवं कापड नेसवलं आणि परत आली. नवव्या दिवशी तिला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबा आला. हा फिंडाच्या बहिणीचा मुलगा, शाळामास्तर. शाळा बंद पडल्यावर मोटारसायकलवरून गावोगाव फिरून तो आजाऱ्यांची नोंद करत असे. तो अंगणातच उभा राहिला.

"काका, मावशीला डॉक्टरांच्या तंबूत नेऊ. मी गाडी बोलावतो."

"तिथं काय करतात?" फाल्लानं विचारलं.

"सांभाळतात. आत मी गेलो नाही, सोडत नाहीत."

"आपल्या बाजूची किती नेली आतापर्यंत?"

"नऊ."

"आली किती?"

तांबानं मान खाली घातली. "तीन."

"आणि हा साधा हिवताप असला तर? पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही? हिवताप घेऊन तिला तंबूत न्यायचं आणि तिथं तो रोग चिकटवून पुरायचं?"

"तपासल्याशिवाय कसं कळणार, काका?"

"तपासतात कुठं?"

"तंबूतच."

"झालं तर मग," फाल्ला म्हणाला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काय म्हणतो रोज? औषध नाही. औषधच नाही तर परक्या माणसांत नेऊन टाकू कशाला तिला? इथं गेली तरी आपल्या माणसांत जाईल."

त्याचं चुकलं, असं मी तेव्हा म्हटलं नसतं. नऊ जणांतले तीन आले होते आणि सहा गेले होते. त्या तिघांकडे बघायचं की त्या सहांकडे, हे ज्याला ठरवायचं होतं त्याची ती बायको होती. शिवाय त्याच्या पारड्यात मी बसलो होतो, आणि माझं वजन त्या घरात फार होतं.

फाल्लानं कुंबाला बोंडूआत्याकडे झोपायला पाठवलं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि फिंडाची सेवा सुरू केली. फिंडाला तहान फार होती. पाणी पोटात गेलं की ओकून टाकायची आणि परत पाणी मागायची. इथे फाल्लानं माझंच एक वाक्य घेऊन हिशेब मांडला. ओकारीतून रोग पसरतो. पाणी प्यायली की ती ओकते. तेव्हा पाणी कमी, तर ओकारी कमी, आणि ओकारी कमी तर कुंबाला धोका कमी. सकाळी एक वाटी आणि संध्याकाळी एक वाटी, एवढंच पाणी तो देऊ लागला. मित्रांनो, यातली चूक पटकन सापडत नाही. मलाही सापडली नव्हती. बाप आडोशाला गेला की कुंबा मात्र मागच्या दारानं आत यायची आणि आईला पेल्यानं पाणी पाजायची. तिच्या हातांना पिशव्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजला आणि माझ्या तोंडी नवीनच शब्द आले. ताप आला तर लगेच तंबूत या. लवकर आलात तर वाचू शकता. बरी झालेली माणसं घरी जात आहेत.

आतून फिंडाचा आवाज आला. "कुंबाचे बाबा, ऐकलंत का? लवकर या म्हणतोय. मला न्या."

फाल्ला माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "काल-परवापर्यंत औषध नाही म्हणत होतास," तो मला म्हणाला. मला, माणसाला म्हणावं तसं. "तीन दिवसांत औषध उगवलं? का तंबू रिकामे पडलेत म्हणून माणसं गोळा करताय?"

"अहो, न्या ना मला."

"तू पडून राहा, फिंडा. याच्या जिभेला हाड नाही."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी भीती सांगितली तेव्हा त्यानं माझं ऐकलं, आणि आशा सांगितली तेव्हा माझ्या पाठीचं झाकण उघडून बॅटऱ्या काढून घेतल्या. त्या क्षणी मला ओरडायचं होतं, हेच ऐक, हे खरं आहे, गाडी बोलाव. पण आमची जात अशी, की दुसऱ्यानं दिल्याशिवाय आम्हाला एक शब्द काढता येत नाही.

त्यानंतर तीन दिवस मी फक्त ऐकत होतो. फिंडा पाणी मागत होती. आधी नवऱ्याला हाक मारून, मग आईला हाक मारून, मग नुसतंच. सहाव्या दिवशी दुपारी तिचं मागणं थांबलं.

तिला पुरायला पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. त्यांनी फाल्लाला जवळ जाऊ दिलं नाही. आपल्या माणसांत मरेल म्हणून ज्यानं तिला घरात ठेवलं, त्याला तिच्या अंगावर साधं पाणीही घालता आलं नाही. गादी जाळली, तिचे कपडे जाळले, भिंतींवर फवारा मारला. माझ्यावरही मारला.

दहा दिवसांनी कुंबा अंगणात उभी राहून रस्त्यावरच्या तांबाला म्हणाली, "दादा, माझं अंग तापलंय." गाडी आली. ती स्वतः चढून बसली. फाल्लानं तिला अडवलं नाही. अडवायला त्याच्यात काही उरलंच नव्हतं. मग तो यंत्रासमोर बसून राहिला. बोंडूआत्या रोज कुंपणापाशी भात आणि कसावा कंदाच्या पाल्याचं कालवण ठेवून ओरडायची, "जेव रे! तुला पुरायला माणसं नाहीत आता गावात!" एखाद्या दिवशी तो दोन घास खायचा, बहुतेक दिवशी नाही.

तेवीस दिवसांनी तांबाच्या मोटारसायकलवरून कुंबा परत आली. अंगावर कुणाचा तरी मोठा झगा, डोकं भादरलेलं, हातात बरी झाल्याचा कागद. तिचे हात बाहुलीच्या हातांएवढे बारीक झाले होते. बोंडूआत्या कुंपण ओलांडून धावत आली आणि रडू लागली. फाल्लानं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग विचारलं, "औषध कुठलं दिलं?"

"औषध नव्हतं, बाबा. ते लोकच म्हणायचे, अजून औषध नाही म्हणून."

"मग?"

"पाणी द्यायचे. मीठ-साखरेचं. ओकले की परत पाजायचे. परत ओकले की परत. एक बाई होती, तिचे नुसते डोळे दिसायचे. ती दिवसभर पेला धरून बसायची. पिता येईना तेव्हा सुईनं हातात सोडायचे."

"नुसतं पाणी?"

"हो, नुसतं पाणी."

फाल्ला खाली बसला.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. तेच मला खातं. औषध खरंच नव्हतं, आणि ओकारीतून रोग खरंच पसरत होता. पाण्यानं फिंडा वाचलीच असती का, ते मला सांगता येणार नाही. कुंबाच्या शेजारच्या खाटांवरची दोघं पाणी पिऊनही गेली, हेही तिनं सांगितलं. पण फाल्लाला ती दोघं ऐकूच गेली नाहीत. त्याला फक्त पाणी ऐकू गेलं. दोन वाट्या.

त्यानं काम सोडलं, खाणं सोडलं. रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा. "नुसतं पाणी, कुंबा?" आणि कुंबा म्हणायची, "हो, बाबा." आठवडाभर असं चाललं. त्याच्या बरगड्या सदऱ्यातून दिसू लागल्या. बोंडूआत्या कुंबाला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, हा काही पावसाळा काढत नाही."

दुसऱ्या दिवशी कुंबानं भाताचं ताट बापापुढे ठेवलं आणि समोर बसली. "बाबा, एक सांगायचं राहिलं. त्या पाण्यात औषध होतं. लाल. बाहेर सांगायची बंदी होती आम्हाला."

फाल्लानं मान वर केली.

"आमच्याच खेपेला पहिल्यांदा आलं ते. आईच्या वेळी नव्हतं."

"नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हणजे तिला नेलं असतं तरी..."

"तरी नसतं मिळालं, बाबा."

फाल्लानं ताट ओढलं आणि तो जेवला. अकरा वर्षांची पोर ते सगळं एकदाही न अडखळता बोलली. मनात किती वेळा घोकलं असेल, कोण जाणे. मग ती घरामागे गेली आणि भांडी घासू लागली. फार वेळ घासत होती.

रेडिओची धूळ पुसा, त्याला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला कुणी जपावं अशी माझी लायकी नाही. पण तुमच्यातलं कुणी मोठेपणी माझ्यासारख्याच्या तोंडी शब्द देणारं होईल. तेव्हा भीतीनं लोक लवकर ऐकतात, म्हणून भीती सांगू नका. जेवढं कळलं आहे तेवढं सांगा. पुढचं कळलेलं नसेल तर कळलेलं नाही म्हणा, आणि तोवर आजाऱ्याला काय देता येईल तेही त्याच दमात सांगा. तेवढं एक वाक्य मोठ्या माणसांनी माझ्या तोंडी दिलं नाही, म्हणून या लेकराला हे खोटं जन्मभर सांभाळायचं आहे.

फाल्ला आता थोडंफार शिवतो. मधेच पाय थांबवतो आणि विचारतो, "लाल होतं ना गं?"

"हो, बाबा," कुंबा म्हणते. "लाल."