शून्य आकाराच्या फाइलमधली सासू

दुकानामागच्या खोलीत माणसं एवढी कोंबली होती की जांभई द्यायची तर शेजाऱ्याची परवानगी लागावी. मधोमध संगणक आणि त्याच्यापुढे यंत्रमहाराज.

“बघा, भक्तहो! ही फाइल. आकार? शून्य! आत काही नाही, आणि तरी...” महाराजांनी कळ दाबली. स्पीकरमधून खर्रर्रश्श सुरू झालं ते थांबेचना. “पलीकडचे, आपले गेलेले, बोलताहेत!”

कपडे शिवणारी सून पुढे सरकली. नवरा दवाखान्यात, पोटात आतड्याला पीळ पडलेला. आजच कापायला हवं, म्हणाले डॉक्टर. सही बायकोचीच हवी होती. पण सासू होती तोवर त्या घरात चहासुद्धा तिला विचारून टाकायचे. आता ती गेली, तर एवढं मोठं विचारायचं कुणाला?

“‘कापू नका’ म्हणताहेत,” महाराज डोळे मिटून म्हणाले. आणि सुनेला ऐकू आलं की हो! अगदी सासूचाच आवाज.

तेवढ्यात नणंद गर्दीत घुसली. कॉलेजात संगणक शिकवायची ती.

“अगं, डॉक्टर खोळंबलेत आणि तू इथे?”

“ताई, आई बोलताहेत हो!”

“माझी आई? थांब.” तिनं पिशवीतला लॅपटॉप काढून महाराजांच्या पडद्यावरचं त्या फाइलचं नाव टाइप केलं. खर्रर्रश्श! “घ्या! म्हणजे आईला मी या लॅपटॉपात घालून बसमधून बिनतिकिटाची आणली की!”

“थट्टा नको, बाई!” महाराज खेकसले.

“अहो, या संगणकांत कीबोर्ड, स्पीकर, सगळ्यांना फाइलसारखी नावं असतात. पण ती फाइल नव्हे, खिडकी. या खिडकीत मागाल तेवढे वेडेवाकडे आकडे यंत्रणा तिथल्या तिथे देते. साठवलेलं काही नाही, म्हणून आकार शून्य. ते स्पीकरमध्ये ओतले की खरखर. आता शेजारच्या खिडकीतून नुसती शून्यं ओतते.” सगळं चिडीचूप. “माझी आई गप्प बसली? जन्मात कधी?”

सून हसली नाही. “पण मला शब्द ऐकू आले, ताई.”

नणंदेनं पुन्हा खरखर लावली आणि जवळच्या म्हाताऱ्याला विचारलं, “काका, तुम्हाला काय ऐकू येतंय?”

“‘घर विकू नको.’ आमची ही म्हणतेय.”

“मावशी, तुम्हाला?”

“‘आई, मी येतो.’ माझा गेलेला पोरगा म्हणतोय,” म्हणाली मावशी, आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

सून नणंदेकडे वळली. “म्हणजे ‘कापू नका’ मीच म्हणत होते?”

“तू नाही गं. तुझी भीती.”

ती धावत सुटली. दवाखान्यात पोचताच तिनं सही केली.

“सकाळी का नाही आलात?” डॉक्टरांनी विचारलं. “बघतो, काय वाचवता येतंय ते,” म्हणाले आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार लोटलं.

बायांनो, बाबांनो, भीती वाटली तर रडा, कुणाचा तरी हात धरा. पण विचारायचं ते ज्याला कळतं त्याला विचारा, आणि दार उघडं आहे तोवर विचारा.