डाव्या हातातली काठी

मित्रांनो, त्या दिवशीही बाबांनी मला उजव्या हातात धरलं आणि लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "डावा हात, बाबा!"

"दिग्दर्शक कोण आहे इथे?" बाबा म्हणाले, पण त्यांनी हात बदलला.

मी एक जुनी काठी. सेटवरच्या सुतारानं मला मोडक्या पलंगाच्या दांडीतून घडवलं. बाबा तेव्हा मालिकेत लंगडा वकील करत. लंगडा पाय उजवा आणि मीही उजव्या हातात. रस्त्यात कुणी विचारलं, "वकीलसाहेब, पाय कसा आहे?" की बाबा तिथल्या तिथे लंगडायचे!

पुढे ते दिग्दर्शक झाले. मला जमिनीवर आपटून म्हणायचे, "छान! अजून एक." त्यांच्या तोंडून 'टेक ओके', म्हणजे प्रसंग जमला, हे ऐकायला नटांचा जीव कंठाशी यायचा. घरीही तेच. छोटी लेक चित्र दाखवायची, "ओके?" "अजून एक!" मोठी झाल्यावर तिनं सव्याज परतफेड केली. बाबांनी चहा करून विचारावं, "टेक ओके?" तिनं घोट घेऊन म्हणावं, "अजून एक!" दोघंही हसायची. ओके मात्र कुणीच कुणाला दिलं नाही.

मग कामं आटली. फोन वाजेना. मी कपाटावर धूळ खात पडले. बाबा न्हाणीघरात पडले, उजवा पाय खरोखर मोडला, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची."

"म्हणजे अख्खी मालिका चुकली की!" बाबा म्हणाले. "आणि एकालाही कळलं नाही. याला म्हणतात अभिनय."

पण जित्याची खोड! हात पुन्हा पुन्हा चुकायचा.

त्या संध्याकाळी मात्र ते पलंगापासून खिडकीपर्यंत चालले. मी डाव्या हातात, भिंतीचा आधार नाही. "टेक ओके?"

कपड्यांच्या घड्या घालता घालता लेक हसली. "अजून एक. उद्या."

दुसऱ्या दिवशी घर जागं होण्याआधीच बाबा उठले. कुणीतरी बघावं म्हणून मी फरशीवर जिवाच्या आकांतानं वाजले, पण कुणी आलं नाही. ते खिडकीशी पोहोचले, खुर्चीत बसले, हळूच म्हणाले, "ओके?" मग काहीच नाही. लेक चहा घेऊन आली तेव्हा उशीर झाला होता.

तेव्हापासून मी दाराआड आहे. लेक सोबतीला आलेल्या आत्याला सारखं म्हणते, "धडपडत गेले असतील गं, आत्या. एकटेच." तो टेक मी एकटीनं पाहिला. तिला कसं सांगू? मला तोंड नाही. मित्रांनो, तुम्हाला आहे. आपल्या माणसाला काही चांगलं जमलं, तर त्याच दिवशी सांगा. उद्यावर टाकू नका.

आज आत्यानं मला उचललं. "देऊन टाकू कुणाला तरी. डोळ्यांसमोर नको."

"थांब." लेकीनं मला हातात घेतलं. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. "आत्या, त्या सकाळी ही खुर्चीच्या डावीकडे टेकवलेली होती. डावीकडे."

"मग?"

"म्हणजे डाव्या हातात धरून नीट चालत गेले. धडपडत नाही." खुर्चीसमोर उभी राहून ती मोठ्यानं म्हणाली,

"ओके, बाबा. टेक ओके."